तारेवरचे केस आणि अस्वलांची मोजदाद : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

प्रकल्पाने शेवटी एकच आकडा द्यायचा आहे. या जंगलात तपकिरी अस्वले किती? आत्ता विचारले तर कुणी शंभर म्हणतो, कुणी पन्नाससुद्धा नाहीत म्हणतो, आणि दोघांनीही जंगलात हयात घालवलेली असते. त्यामुळे कुणालाच खोटे पाडता येत नाही.

वाघाचे बरे असते. पट्टे प्रत्येकाचे वेगळे, कॅमेऱ्यात एकदा नीट आला की ओळख पक्की. तपकिरी अस्वल अंगभर एकाच रंगाचे. उन्हाळ्यात केस झडले आणि पुढे चरबी चढली की तेच जनावर दोन फोटोंत दोन वेगळी वाटतात. पाऊलखुणा मोजाव्यात तर एकच अस्वल रात्रभरात चार ओढे ओलांडून जाते. म्हणून डीएनए. अस्वलाला पकडायचे नाही, बेशुद्ध करायचे नाही, बघायचेही नाही. त्याने मागे सोडलेल्या केसांवरून ते कोण हे ठरवायचे.

माझ्याकडे आकडेमोड आणि आराखडा. जंगलातले काम फील्डच्या मंडळींचे, ट्यूबमधले लॅबचे. ही वही मात्र माझी, त्यामुळे शेरेही माझेच.

६ फेब्रुवारी

सगळ्यांना आधी मुळातले गणित समजावून सांगायचे ठरले. पद्धत जुनीच. डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ मध्ये माशांसाठी तिचा पाया घातला, अमेरिकेत लिंकनने १९३० मध्ये बदकांसाठी वापरली. पहिल्या फेरीत काही जनावरांवर खूण करा, सोडा. दुसऱ्या फेरीत जी सापडतील त्यात खुणेची किती ते बघा. आमच्याकडे खूण म्हणजे डीएनए. ती जन्मापासून अंगावर असते आणि गळून पडत नाही.

फळ्यावर मांडलेले उदाहरण इथेही लिहून ठेवतो. पहिल्या फेरीत २४ अस्वले, दुसरीत ३०, दोन्हीत मिळून सामाईक १२. अंदाज: २४ गुणिले ३० भागिले १२, म्हणजे ६०.

आता त्या बारांपैकी तीन अस्वले ओळखायची राहिली असे समजू. केस त्यांचेच, पण लॅबच्या वाचनात एक अक्षर चुकले आणि ती नवी म्हणून धरली गेली. सामाईक ९. अंदाज ८०. तीन चुकांनी जंगलात वीस अस्वले आणून सोडली! उलट प्रकारही होतो. दुसऱ्या फेरीतली तीन नवी अस्वले डीएनएत पहिल्या फेरीतल्या तिघांसारखीच दिसली म्हणून तीच समजली, सामाईक १५ झाली, तर अंदाज ४८ वर येतो.

मला सगळ्यांच्या डोक्यात घालायचे होते ते हेच. आकडा किती अस्वले सापडली यावर ठरत नाही, किती पुन्हा सापडली आणि ती आपण ओळखली की नाही यावर ठरतो. सगळा भार त्या सामाईक संख्येवर, आणि ती नेहमीच लहान असते.

१५ फेब्रुवारी

केस की विष्ठा, यावर अर्धा दिवस गेला.

विष्ठेचा इतिहास जुना. १९९२ मध्ये उत्तर इटलीतल्या तपकिरी अस्वलांच्या विष्ठेतून डीएनए काढून दाखवला गेला, तेव्हा जनावर न बघता त्याचा वंश वाचता येतो ही गोष्टच नवी होती. पुढे स्वीडनमध्ये २००१ आणि २००२ साली मूसची (एक मोठे हरिण) शिकार करणाऱ्यांनाच विष्ठा गोळा करायला लावले. शिकारी तसेही जंगलात पसरलेले असतात, त्यांनी नमुना बाटलीत टाकून ठिकाण लिहून द्यायचे. फुकटचे मनुष्यबळ, आणि लोकांचा विश्वासही बसतो, कारण नमुने त्यांनीच आणलेले असतात.

अडचण अशी की विष्ठेत अस्वलाच्या आतड्यातल्या पेशी थोड्या आणि बाकीचा सगळा ऐवज खाल्लेल्याचा आणि जिवाणूंचा. शिवाय पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला वाढवण्याची प्रक्रिया, अडवणारी द्रव्ये. ताजी मिळाली तर ठीक, पावसात दोन दिवस पडली की काम अवघड.

केसांची पद्धत रूढ झाली ती कॅनडातून. ब्रिटिश कोलंबियात काटेरी तारेवर अडकलेल्या केसांवरून काळ्या आणि तपकिरी अस्वलांची ओळख पटवल्याचा वृत्तान्त १९९९ मध्ये आला, आणि त्यानंतर केससापळा जवळपास सगळ्यांनी उचलला. आम्हीही केसच घेणार. विष्ठा वाटेत ताजी दिसली तर घ्यायची, पण आराखडा तिच्यावर उभा करायचा नाही.

२ मार्च

चाचणीसाठी पहिला सापळा लावला. चार-पाच झाडांभोवती काटेरी तारेचा एकच फेरा, जमिनीपासून साधारण ५० सेंटीमीटरवर. मधोमध कुजक्या लाकडांचा ढीग, आणि त्यावर सडवलेले रक्त आणि माशाचे तेल. या मिश्रणाचे वर्णन करत नाही. ज्यांनी कॅन उघडला त्यांच्या शेजारी जेवायला कुणी बसले नाही.

यातली खुबी अशी की अस्वलाला वास मिळतो, खायला काहीच मिळत नाही. खायला मिळाले तर ते सापळा पाठ करते, पुन्हा पुन्हा येते, पुन्हा सापडणाऱ्यांची संख्या फुगते आणि एकूण अंदाज खाली घसरतो. शिवाय माणसाच्या वासाशी खाण्याची सांगड घातलेले अस्वल पुढे कुणाच्या तरी जिवावर उठते आणि शेवटी स्वतःच मारले जाते. म्हणून ढिगात काही खाण्याजोगे टाकायचे नाही, हा नियम मोठ्या अक्षरांत.

तारेच्या उंचीवरून वाद झाला. खाली घेतली तर मोठे अस्वल ओलांडून जाते आणि केस पोटाचे तुरळक मिळतात. वर घेतली तर छोटे अस्वल खालून निसटते. खोलगट जागेत तीच तार मध्येच ७० सेंटीमीटरवर जाते. तिथे खाली लाकडे रचून फट बुजवायची असे ठरले. वर्षाच्या आतली पिल्ले तरीही सुटणारच. ते आकडेमोडीत सांभाळायचे, तारेने नाही.

१२ मार्च

सापळ्यावर केस आहेत. भिंगाखाली पाहिले.

एका काट्याला सातआठ केस, त्यातले तीन लांब, राठ, टोकाला फिकट. बाकीची आतली लव, बारीक आणि नागमोडी. राठ केसाच्या बुडाला एक पांढुरका फुगीर ठिपका असतो, ते मूळ. आपल्याला हवा असलेला डीएनए बहुतेक तिथेच. मुळाशिवायचा केस कितीही लांब असला तरी अशा ओळखीसाठी जवळपास निरुपयोगी. तारेत केस अडकून उपटला जातो म्हणून मूळ येते. झाडाला अंग घासताना आपोआप गळालेल्या केसात ते बरेचदा वाळलेले असते.

फील्डसाठी नियम असे लिहून दिले: एक काटा, एक पाकीट. पाकीट कागदाचेच, प्लॅस्टिकचे नाही, कारण ओल आत कोंडली की डीएनए तुटतो. पाकिटे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात. पाकिटावर सापळा क्रमांक, काटा क्रमांक, तारीख. केस काढून झाले की काट्याला लायटरची ज्योत लावायची, म्हणजे मागे राहिलेला एखादा केस पुढच्या फेरीत नवा म्हणून येणार नाही. ही ज्योतीची गोष्ट किरकोळ वाटते. पण मागच्या फेरीचा केस पुढच्या फेरीत मोजला गेला तर न आलेले अस्वल आले असे ठरते, आणि सामाईक संख्या तिथेच बिघडते.

सापळा तपासायचा दर १४ दिवसांनी. ऊन आणि पाऊस दोन्ही डीएनए खातात, त्याहून जास्त थांबण्यात अर्थ नाही.

२० मार्च

घासणीची झाडेही नोंदवायला सुरुवात. अस्वले ठरावीक झाडांना पाठ घासतात, वर्षानुवर्षे तीच झाडे. खोडावर काटेरी तारेचे छोटे तुकडे ठोकले की केस आयते. तिथे नर जास्त येतात. वासाच्या सापळ्यांशी तुलना करायला ही स्वतंत्र बाजू कामाची.

४ एप्रिल

लॅबकडून पहिले आलेख आले. जंगलातले नमुने नाहीत हे. बंदिस्त ठेवलेल्या अस्वलांचे केस, ज्यांचे नाते आम्हाला ठाऊक आहे. त्यात एक मादी आणि तिचे पिल्लूही आहे.

आलेख म्हणजे एका रेषेवर उगवलेली शिखरे. अस्वलाच्या डीएनएत काही जागी दोन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात चौदा वेळा, कुणात सतरा वेळा. हा मायक्रोसॅटेलाइट. प्रत्येक जागी आईकडून एक लांबी, बापाकडून एक. मादीच्या अशा एका जागी (मार्करवर) शिखरे १५३ आणि १५७ ला, म्हणजे तुकड्याची लांबी तेवढी अक्षरे. १५३ च्या डावीकडे, १५१ ला, आणखी एक ठेंगणे शिखर. ते खरे नाही. नक्कल करताना एंझाइम एक तुकडा गाळतो, त्याची ती सावली. लॅबमधल्या बाईंना हे बघताक्षणी कळते. मला त्यांनी बोट ठेवून दाखवले तेव्हा कळले.

मग त्याच मादीचा, एकच केस वापरलेला नमुना त्यांनी लावला. १५३ जागेवर, १५७ गायब. तीच मादी, तेच मूळ, पण डीएनए इतका कमी की नकलीच्या पहिल्या फेऱ्यांत दुसरी लांबी हाती लागलीच नाही. कागदावर मात्र स्वच्छ, देखणे, एकच शिखर. धोका आहे तो हाच. चुकीचे वाचन खराब दिसत नाही.

तिसरा आलेख मुद्दाम मिसळलेल्या केसांचा, मादी आणि पिल्लू एकत्र. तीन शिखरे. एका जनावराला एका जागी दोनपेक्षा जास्त लांब्या असूच शकत नाहीत, म्हणजे दोघांचे केस. पण प्रत्येक जागी हे दिसेल असे नाही, कारण पिल्लाची एक लांबी आईचीच असते. काही जागी मिश्रण एका अस्वलासारखेच दिसले. एका काट्याला एक पाकीट या नियमावर फील्डची मंडळी कुरकुरत होती. हा आलेख त्यांना पाठवला आहे, बघू.

९ एप्रिल

गायब झालेल्या शिखराचे गणित केले. समजा एका जागी एक लांबी गळण्याची शक्यता ५ टक्के, आणि आपण ८ जागा वाचतो, आठही जागी दोन वेगळ्या लांब्या आहेत. सगळे बरोबर वाचले जाण्याची शक्यता ०.९५ चा आठवा घात, साधारण ०.६६. म्हणजे दर तीन नमुन्यांत एक कुठे तरी चुकलेला. सहा फेब्रुवारीच्या फळ्यावरची ती तीन न ओळखलेली अस्वले इतक्या सहज तयार होतात.

यावर उपाय १९९६ पासून माहीत आहे: तोच नमुना अनेक ट्यूबमध्ये पुन्हा पुन्हा चालवायचा. दोन शिखरे किमान दोनदा दिसली तर मान्य. एकच शिखर दिसले तर एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. अगदी वाईट परिस्थिती धरू, म्हणजे दर वेळी दोनपैकी एकच लांबी योगायोगाने हाती लागते. तीन ट्यूबमध्ये तीच तीच येण्याची शक्यता चारात एक. सात ट्यूबमध्ये चौसष्टात एक. त्यामुळे कमी डीएनएच्या नमुन्यावर एकशिखरी निकालासाठी सात वेळा. खर्च वाढतो, पण निकृष्ट नमुने आधीच गाळले तर निभावते. गाळण्याचा नियम: राठ केसाचे एक तरी मूळ किंवा लवीचे पाचेक केस असल्याशिवाय नमुना पुढे जाणार नाही.

दुसरी राखण निकाल आल्यानंतरची. कॅनडातल्या अस्वलांच्या नमुन्यांवरून २००३ मध्ये हे सविस्तर मांडले गेले. फक्त एका किंवा दोन जागी फरक असलेल्या जोड्या बाजूला काढायच्या आणि त्या जागा पुन्हा चालवायच्या. खऱ्या वेगळ्या अस्वलांत सहसा अनेक जागी फरक असतो. एकाच जागी फरक दिसला तर बहुतेक वेळा अस्वल एकच असते आणि वाचन घसरलेले असते.

लिंग ठरवण्यातही हाच धागा. फक्त नरात असणाऱ्या वाय गुणसूत्रावरचा तुकडा गळला की नर मादी म्हणून नोंदला जातो. मादीचा नर मात्र सहसा होत नाही. चूक एकाच दिशेने झुकते, म्हणून "मादी" असा निकाल आला की आधी शंका घ्यायची.

१६ एप्रिल

आता उलटी बाजू: किती जागा वाचल्या म्हणजे दोन वेगळी अस्वले चुकून सारखी दिसणार नाहीत?

एका जागी चार लांब्या सारख्याच प्रमाणात असतील, तर नाते नसलेली दोन अस्वले तिथे जुळण्याची शक्यता सुमारे ०.१०९. आठ जागा घेतल्या की जवळपास पाच कोटींत एक. हा आकडा अहवालात छान दिसतो, आणि म्हणूनच मला त्याचा राग आहे. जंगलात अस्वले नात्यातलीच असतात. माद्या आईच्या वावरक्षेत्राशेजारीच ठाण मांडतात. सख्खी भावंडे धरली तर त्याच जागी जुळण्याची शक्यता ०.४०, आठ जागांवर साधारण साडेचौदाशेत एक. पाच कोटींवरून थेट दीड हजाराच्या आत.

आणि ही झाली विविधता भरपूर असतानाची गोष्ट. प्रत्येक जागी दोनच लांब्या उरल्या असतील, तर भावंडांसाठी आठ जागांवर पासष्टात एक. म्हणजे मोजणीच नको. तेरा जागा घेतल्या तेव्हा कुठे पावणेनऊशेत एक. छोट्या, एकाकी पडलेल्या समूहांत हेच होते, आणि नेमके त्यांचेच आकडे आपल्याला सगळ्यात आधी हवे असतात. मध्य इटलीतली मार्सिकन अस्वले घ्या. २०११ च्या जनुकीय मोजणीत अंदाज ५१, ९५ टक्के खात्रीचा पट्टा ४७ ते ६६. एवढ्याशा समूहात दोन भावंडे एकच धरली गेली तरी निकाल हलतो. गोबी वाळवंटातल्या अस्वलांचा २००९ चा अंदाज तर २२ होता.

लॅबला आधी आपल्या अस्वलांची विविधता बघू द्यायची, मग जागांची संख्या कायम करायची. आधी आठ ठरवून मग पस्तावणे नको.

२९ एप्रिल

बैठक. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला: केसांवर एवढा पैसा?

मी मोंटानाचे उदाहरण दिले. ग्लेशियर नॅशनल पार्क आणि भोवतालचा प्रदेश, २००४ चा उन्हाळा, ७ गुणिले ७ किलोमीटरच्या चौकटींची जाळी, सुमारे ३४ हजार केसनमुने. ५६३ वेगळी ग्रिझली (तिकडची तपकिरी) अस्वले सापडली, अंदाज ७६५, पट्टा ७१५ ते ८३१. याच प्रकल्पावर अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी २००८ च्या निवडणुकीत तोंडसुख घेतले होते. मोंटानातल्या अस्वलांच्या डीएनएवर तीस लाख डॉलर, ही उधळपट्टी असा सूर. पण संरक्षित जनावराबद्दलचा कुठलाही निर्णय अंदाजपंचे घ्यायचा नसेल तर आकडा लागतो, आणि तो आकडा तिथे लोकांना अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. ५६३ सापडली, मग ७६५ कशाला सांगता? जी दिसली तीच खरी ना? या प्रश्नाला तोंड देणे हेच आपले काम आहे. ५६३ ही कमीत कमी संख्या, तिच्यावर वाद नाही. पण ती आपल्या मेहनतीवर अवलंबून असते. पुढच्या वर्षी सापळे दुप्पट लावले की ती वाढेल, अस्वले न वाढताही. दोन वर्षांची तुलना तिच्यावरून करता येत नाही. अंदाजाची करता येते, पट्टा बरोबर ठेवला तर.

पैसा कुठे घालायचा यावर मात्र माझी बाजू पडली. मंडळाला जास्त सापळे हवे आहेत, कारण सापळे फोटोत दिसतात. मला त्याच पैशात प्रत्येक नमुन्याच्या जास्त ट्यूब हव्या होत्या. तडजोड झाली: सापळे थोडे वाढतील, पण दर फेरीत एका सापळ्यावरचे सगळे नमुने लॅबला जाणार नाहीत. लगतच्या काट्यांवरचे केस बहुधा एकाच अस्वलाचे असतात. त्यातले मुळे चांगली असलेले निवडायचे आणि ते नीट वाचायचे.

७ मे

किती अस्वले हे कळले तरी ती किती जागेतली, हा प्रश्न उरतोच.

२० गुणिले २० किलोमीटरवर सापळे लावले. क्षेत्र ४०० चौरस किलोमीटर. ६० अस्वलांचा अंदाज आला. दर १०० चौरस किलोमीटरला १५ अस्वले? पण कडेच्या सापळ्यांवर बाहेरून पाच किलोमीटरवरची अस्वलेही येतात. तो पट्टा धरला, कोपरे गोल घेतले, तर क्षेत्र ८७८ होते आणि घनता ६.८. अस्वले तीच, घनता निम्म्याहून कमी. पट्टा पाचचा की तीनचा, हे ठरवणाऱ्याच्या मर्जीवर. जुन्या अहवालांतली निम्मी भांडणे इथली आहेत, असे माझे मत.

म्हणून २००४ पासून पुढे आलेली अवकाशीय पद्धत वापरणार. तिच्यात प्रत्येक अस्वलाला नकाशावर एक केंद्र असते, आणि केंद्रापासून सापळा जितका दूर तितकी सापडण्याची शक्यता कमी. ही घसरण किती वेगाने होते ते सिग्मा नावाच्या अंतराने ठरते. केंद्रापाशी जी शक्यता असेल तिच्या तुलनेत एका सिग्मावर ६१ टक्के, दोनवर साडेतेरा टक्के, तीनवर जेमतेम एक टक्का. एकच अस्वल वेगवेगळ्या सापळ्यांवर सापडले की सिग्मा कळतो आणि क्षेत्र मर्जीने ठरवावे लागत नाही. आर या संगणकीय भाषेत याचे तयार पॅकेज आहे.

यातून आराखड्यावर थेट परिणाम: दोन सापळ्यांतले अंतर साधारण दोन सिग्मा. त्याहून विरळ लावले तर एकच अस्वल दोन ठिकाणी सापडणार नाही आणि सिग्मा कळणारच नाही. नराचा सिग्मा मोठा, मादीचा लहान. जाळी मादीच्या हिशेबाने आखायची, कारण समूह टिकतो की नाही हे माद्यांवर ठरते.

१९ मे

सगळ्यांना सारखी संधी, हे गृहीतक अस्वलांच्या बाबतीत कधीच खरे नसते. मोठा नर लांब फिरतो, चार सापळे ओलांडतो. पिल्ले बरोबर असलेली मादी नरांच्या वासाच्या जागा टाळते. काही अस्वले वारंवार सापडतात, काही जवळपास नाहीतच. हे दुर्लक्षिले तर अंदाज कमी येतो, कारण वारंवार सापडणारेच पुन्हा पुन्हा सामाईक म्हणून मोजले जातात. नर-मादी वेगळे चालवायचे, आणि वासाचे सापळे व घासणीची झाडे यांना वेगवेगळी सापडण्याची शक्यता द्यायची.

पिल्लांचे काय? या डीएनएवरून वय कळत नाही. तारेखालून सुटलेले पिल्लू मोजणीत नाही, पण थोडे मोठे झालेले, तारेला घासून गेलेले असू शकते. म्हणून अहवालात "एकूण अस्वले" असे लिहायचे नाही. "एक वर्षावरील, सापळ्यात सापडू शकणारी अस्वले" असे लिहायचे, वाक्य जड झाले तरी.

मोजणीचा काळ जून ते ऑगस्ट. पिल्ले हिवाळ्यात गुहेत जन्मतात, त्यामुळे मध्येच नवे अस्वल जन्मत नाही. स्थलांतर थोडेफार असेलच, तेवढे मान्य.

२५ मे

नात्यांची बाजू बैठकीत काढली तेव्हा सगळे जागे झाले. मोजणीसाठी घेतलेल्या त्याच केसांतून वंशावळ निघते. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात १९९६ मध्ये स्लोव्हेनियातून दोन माद्या आणल्या, १९९७ मध्ये पायरोस नावाचा नर. पुढे डीएनएवरून कळले की तिथली बहुतेक पिल्ले या एकाच नराची. संख्या वाढत होती, पण रक्त एकाच बापाचे. नुसत्या मोजणीत हे कधीच दिसले नसते. इटलीच्या त्रेंतिनोत १९९९ ते २००२ मध्ये दहा अस्वले सोडली, त्यांच्या वंशातल्या एकाला जेजे१ हा क्रमांक मिळाला तो आई युर्का आणि बाप योझे यांच्या नावांवरून. तेच अस्वल पुढे जर्मनीतल्या बव्हेरियात शिरले आणि २६ जून २००६ ला मारले गेले. बातम्यांत त्याचे नाव ब्रुनो, पण ते कोण हे केसांवरून ठरले होते.

नात्यांवरून थेट संख्याच काढायची पद्धतही आली आहे. २०१६ मध्ये ती दक्षिणेकडच्या ब्लूफिन टुना माशांवर वापरली. लहान समूहात आई-पिल्लांच्या जोड्या जास्त सापडतात, मोठ्यात कमी. जोडी म्हणजेच पुन्हा सापडणे. अस्वल स्वतः पुन्हा आले नाही तरी त्याचे पोर आले की पुरते. आमच्या प्रकल्पात यासाठी वय हवे, आणि ते नाही. सध्या नको.

३ जून

लॅबने सुचवले: मायक्रोसॅटेलाइटऐवजी एसएनपी घ्या. म्हणजे लांबी मोजायची नाही, एका जागी कोणते अक्षर आहे एवढेच वाचायचे. तुकडे छोटे लागतात म्हणून तुटक्या डीएनएवर बरे चालते, आणि दोन लॅबचे निकाल आपोआप जुळतात. लांबीच्या पद्धतीत एका लॅबचे १५३ म्हणजे दुसरीचे १५५ असू शकते, दर वेळी जुळवून घ्यावे लागते. अडचण: एसएनपीच्या एका जागेतून माहिती कमी मिळते, म्हणून जागा बऱ्याच जास्त लागतात, आणि त्या आपल्या अस्वलांत बदलत्या आहेत का हे आधी तपासावे लागते.

कौल एसएनपीकडे. मोजणी दर पाचेक वर्षांनी पुन्हा व्हायची आहे, तेव्हा लॅब हीच असेल याची खात्री कोण देणार? पहिल्या हंगामातले काही नमुने मात्र दोन्ही पद्धतींनी वाचायचे.

एक गंमत: २०१७ मध्ये 'यती'चे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएवरून तपासले गेले. आठ अस्वलांचे निघाले, नववा कुत्र्याचा. आपल्याही पाकिटांत काय काय येईल कोण जाणे. जात ओळखण्याची चाचणी सगळ्यांत आधी, वैयक्तिक ओळख नंतर.

११ जून

पहिल्या फेरीची पाकिटे आली. लॅबला पाठवण्याआधी मी त्यांत काही पाकिटे घुसवली आहेत: बंदिस्त अस्वलांचे केस, खोट्या सापळा क्रमांकांनी, आणि काही नमुने दोन भाग करून दोन वेगळ्या क्रमांकांनी. अशी पाकिटे आहेत हे लॅबला माहीत आहे, कोणती ते नाही. बाईंनी स्वतःच सुचवले होते. क्रमांकांची यादी बंद पाकिटात, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाकडे.

या पाकिटांवरून चुकीचा दर कळेल, आणि तो अंतिम अंदाजाच्या शेजारी छापायचा आहे. लॅबकडून फक्त अंतिम तक्ता न मागता प्रत्येक नमुन्याची कच्ची वाचने मागितली आहेत, किती ट्यूब चालवल्या आणि कितींत काय आले यासह. तक्त्यात स्तंभ असे: नमुना, सापळा, फेरी, जात, लिंग, प्रत्येक जागेचे वाचन, ट्यूबची संख्या, आणि शेवटी "अस्वल क्रमांक". हा शेवटचा स्तंभ मात्र रिकामा यायला हवा. तो आम्ही दोघे वेगवेगळे भरणार, एक लॅबमध्ये, एक इथे, आणि जिथे पटणार नाही ते नमुने पुन्हा ट्यूबमध्ये जातील.

गाडी उद्या सकाळी निघते. दुसऱ्या फेरीचे वासाचे कॅन त्याच गाडीतून पाठवायला चालकाने साफ नकार दिला आहे. त्यांची सोय वेगळी.